साप साप म्हणून भुई धोपटणे : गुन्हा, आंदोलन आणि बातमी यांवरचा स्टुअर्ट हॉल यांचा अभ्यास



आज एका शब्दाची गोष्ट समजून घेऊया. हा शब्द ब्रिटनच्या कायद्यात कुठेच नव्हता. तरीसुद्धा १९७२-७३ मध्ये तो तिथल्या वर्तमानपत्रांत, संसदेत, न्यायालयांत सगळीकडे ऐकू येत होता. त्या गदारोळात एका १६ वर्षांच्या मुलाला २० वर्षांची शिक्षा झाली. तो शब्द म्हणजे 'मगिंग'.

रस्त्यात माणसाला गाठून, मारहाण करून किंवा धाक दाखवून लुटणं म्हणजे मगिंग. आपल्याकडचा जुना शब्द वाटमारी. म्हणजे गोष्ट काही नवी नाही. रस्ते झाले तेव्हापासून वाटमारे आहेत. मग १९७२ मध्येच ब्रिटनला हा नवा गुन्हा का वाटला? हा साधा वाटणारा प्रश्न बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या काही अभ्यासकांनी धरून ठेवला आणि पाच वर्षांच्या कामानंतर चारशेहून अधिक पानांचं पुस्तक लिहिलं. 'पोलिसिंग द क्रायसिस' हे त्याचं नाव, प्रकाशन १९७८ चं. लेखक पाच जण : स्टुअर्ट हॉल, चॅस क्रिचर, टोनी जेफरसन, जॉन क्लार्क आणि ब्रायन रॉबर्ट्स. यातलं सर्वांत परिचित नाव हॉल यांचं, म्हणून आपण त्यांच्या बाजूने हा विषय बघूया.

हॉल कोण होते?

स्टुअर्ट हॉल यांचा जन्म १९३२ चा, जमैकातल्या किंग्स्टन शहरातला. जमैका तेव्हा ब्रिटिश वसाहत होती, जसे आपण होतो. १९५१ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला आले आणि मग ब्रिटनमध्येच राहिले. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ मध्ये रिचर्ड होगार्ट यांनी समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र सुरू केलं, तिथे हॉल रुजू झाले आणि पुढे त्याचे संचालक झाले. या केंद्रात सिनेमा, टीव्ही, वर्तमानपत्रं, तरुणांचे कपडे, गाणी अशा विषयांचा गंभीर अभ्यास होत असे. त्या काळी अनेक प्राध्यापकांना हे थिल्लर वाटायचं! १९७९ पासून निवृत्तीपर्यंत त्यांनी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात शिकवलं. आपल्यापैकी ज्यांनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेतली असेल, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. दूरचित्रवाणीवरची त्यांची व्याख्यानं घरोघरी पाहिली गेली. २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट मला विशेष वाटते. त्यांचं बरंच लेखन एकट्याचं नाही, सहकाऱ्यांबरोबरचं आहे. हे पुस्तकही तसंच झालं, आणि त्याची सुरुवात ग्रंथालयात झाली नाही.

तीस पेन्स, पाच सिगारेटी

५ नोव्हेंबर १९७२ च्या रात्री बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात एक माणूस घरी चालला होता. तीन मुलांनी त्याला गाठलं, विटेने मारलं, मोकळ्या पडीक जागेत ओढून नेलं. त्याच्याकडून मिळालं काय? ३० पेन्स, काही किल्ल्या आणि पाच सिगारेटी. मुलं निघून गेली. सुमारे दोन तासांनी परत आली आणि त्याच जखमी माणसाला पुन्हा मारलं.

हे भयंकर आहे. हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही ते कुठे कमी करून सांगितलेलं नाही. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण या अभ्यासाविषयी ऐकताना अनेकांचा समज होतो की हे लोक गुन्हेगारांची बाजू घेताहेत.

१९ मार्च १९७३ रोजी निकाल लागला. १६ वर्षांच्या मुलाला २० वर्षं, बाकी दोघांना प्रत्येकी १० वर्षं. इतर प्रकरणांत अशा गुन्ह्याला अल्पवयीन मुलांना मिळणाऱ्या शिक्षेच्या कितीतरी पट ही शिक्षा होती. दुसऱ्या दिवशी ती बातमी देशभर पहिल्या पानावर गेली. पत्रकार हँड्सवर्थमध्ये पोहोचले, गल्ल्यांचे फोटो आले, मोडक्या घरांची वर्णनं आली. कॅरिबियन बेटांवरून आणि भारतीय उपखंडातून आलेले लोक या भागात मोठ्या संख्येने राहत होते. एका रात्रीच्या मारहाणीची बातमी बघता बघता एका वस्तीची, आणि मग एका रंगाच्या लोकांची बातमी झाली. तिघा मुलांच्या घरांची मुळं तीन वेगवेगळ्या ठिकाणची होती, हा तपशील मात्र मागेच राहिला.

हॉल यांचं केंद्र याच शहरात होतं. केंद्रातल्या काही तरुण संशोधकांचा या मुलांच्या शिक्षेविरुद्धच्या मोहिमेशी संबंध आला, त्यातून आधी एक छोटी पुस्तिका निघाली आणि मग हे मोठं काम उभं राहिलं. त्यांनी ऑगस्ट १९७२ ते ऑगस्ट १९७३ या काळातल्या वर्तमानपत्रांतल्या मगिंगच्या बातम्या गोळा केल्या आणि त्या एकेक करून वाचल्या.

शब्द कुठून आला?

ऑगस्ट १९७२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनजवळ एका वृद्धाचा भोसकून खून झाला. एका पोलीस अधिकाऱ्याने त्याचं वर्णन 'फसलेलं मगिंग' असं केलं. १७ ऑगस्टला 'डेली मिरर'ने शब्द उचलला. त्यांनी छापलं की अमेरिकेतला हा शब्द आता ब्रिटनच्या मथळ्यांत आला आहे आणि हा गुन्ह्याचा एक नवा, भीतिदायक प्रकार आहे.

इथे जरा थांबूया. अमेरिकेतून आला तो शब्द. गुन्हा तिथून बोटीने आला नव्हता! पण शब्दाबरोबर एक संपूर्ण चित्र आलं : न्यूयॉर्कचे अंधारे रस्ते, वंशभेदाचे दंगे, रात्री बाहेर पडायला घाबरणारे लोक. ब्रिटनच्या वाचकाने ते चित्र आपल्या गल्लीवर लावून पाहिलं. म्हणजे मगिंग हा शब्द एका घटनेचं नाव म्हणून आला आणि येताना भीतीचं गाठोडं घेऊन आला.

मग आकडे आले. लंडनमध्ये चार वर्षांत मगिंग १२९ टक्क्यांनी वाढलं असं छापून आलं. संशोधकांनी हा आकडा कुठून आला ते शोधायचा प्रयत्न केला, तर अडचण अशी की मगिंग नावाचा गुन्हा पोलिसांच्या नोंदवहीत नव्हताच. लूट होती, मारहाण होती, पाकीटमारी होती. जे मोजलंच जात नव्हतं त्याची वाढ कशी काढली? वेगवेगळ्या गुन्ह्यांतले काही निवडून, मागाहून एकत्र करून. गृहमंत्री रॉबर्ट कार यांनी पोलीस प्रमुखांकडून माहिती मागवली तेव्हा मगिंग म्हणजे काय ते आधी ठरवून द्यावं लागलं. आधी घबराट, मग व्याख्या.

नोंदवहीत जे होतं, ते संशोधकांनी पाहिलं. लूट आणि लुटीच्या हेतूने केलेले हल्ले १९५५ ते १९६५ या काळात वर्षाला सरासरी ३३.४ टक्क्यांनी वाढत होते. १९६५ ते १९७२ मध्ये हीच वाढ वर्षाला सरासरी १४ टक्के होती. गुन्हे वाढतच होते, पण वाढीचा वेग निम्म्याहून कमी झाला होता. आणि आरडाओरड झाली ती दुसऱ्या काळात. आपल्याकडे म्हणतात ना, साप साप म्हणून भुई धोपटणे. हॉल यांचं म्हणणं त्याच्या जवळ जातं, फक्त ते पुढे विचारतात : धोपटणारे कोण, काठी कोणाच्या हातात, आणि काठी नेमकी कोणाच्या पाठीवर पडते?

अशा घबराटीला समाजशास्त्रात 'नैतिक घबराट' म्हणतात. ही कल्पना नावारूपाला आणली स्टॅनली कोहेन यांनी. १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावात तरुणांच्या दोन टोळक्यांत हाणामाऱ्या झाल्या, त्यावर कोहेन यांचं पुस्तक १९७२ मध्येच आलं. त्यांनी बातमीतलं अनेकवचन पकडलं होतं. एक होडी उलटली तर बातमीत 'होड्या उलटवल्या'! आपल्याकडच्या मुलांना वचन बदला हा प्रश्न असतो, तो इतका महत्त्वाचा असेल असं वाटलं नव्हतं.

पहिलं कोण बोलतं?

आता या अभ्यासाचा गाभा. वर्तमानपत्रं मुद्दाम खोटं छापतात का? हॉल म्हणतात, हा प्रश्नच चुकीच्या जागी नेतो. बहुतेक पत्रकार प्रामाणिकपणे काम करत असतात. तरी बातम्या एकाच बाजूला का कलतात, हे समजायला पत्रकाराचा दिवस कसा जातो ते बघा.

त्याला संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची आहे. बातमी खरी आणि निःपक्षपाती हवी, स्वतःचं मत चालणार नाही. मग तो कोणाकडे जातो? ज्यांच्याकडे माहिती तयार असते आणि ज्यांच्या शब्दाला वजन असतं त्यांच्याकडे. गुन्ह्याच्या बाबतीत असे लोक म्हणजे पोलीस, न्यायाधीश, गृहखात्याचे मंत्री. ते जे सांगतात त्यावरून घटनेचा पहिला अर्थ ठरतो. हॉल अशा लोकांना पहिला अर्थ लावणारे म्हणतात. माध्यमं दुय्यम असतात, ती तो अर्थ पुढे पोहोचवतात.

पहिल्या अर्थाची ताकद किती असते, हे प्राथमिक शिक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. मधल्या सुट्टीत दोघांची मारामारी होते. एक जण धावत येऊन सांगतो, "बाई, यानं मला ढकललं." दुसरा मागून येतो. आता त्याला स्वतःची गोष्ट सांगायची संधी उरलेली नसते, त्याला 'मी ढकललं नाही' एवढंच सांगायचं असतं. प्रश्न पहिल्याने ठरवला, दुसऱ्याने फक्त उत्तर द्यायचं. चर्चा 'ढकललं की नाही' यावर होते. त्याआधी वर्गात काय झालं होतं, डबा कोणी लपवला होता, हे कोणी विचारतच नाही.

ब्रिटनमध्येही असंच झालं. मगिंग वाढलंय, याला आळा कसा घालायचा, असा प्रश्न एकदा ठरला. मग वकील, समाजसेवक, वस्तीतले पुढारी, सगळ्यांना त्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. 'मुळात हा वेगळा गुन्हा आहे का?' असं विचारणारा विषय सोडून बोलणारा ठरला. आणि आरोपी? त्यांचा आवाज बातमीत जवळजवळ नसतोच. आपल्याही बातम्यांत 'पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार' आणि 'सूत्रांनी सांगितले' किती वेळा येतं बघा.

त्यानंतरची पायरी तर फारच बारकाईने टिपली आहे. वर्तमानपत्र अधिकाऱ्यांची भाषा जशीच्या तशी छापत नाही, ती वाचकाच्या भाषेत आणतं. मंत्र्याचं रुक्ष निवेदन मथळ्यात येताना चौकातल्या माणसाचं बोलणं होतं. मग अग्रलेख लिहिला जातो : लोकांना आता कठोर शिक्षा हवी आहे. न्यायाधीश तो वाचतात. सप्टेंबर १९७२ मध्ये लंडनच्या एका न्यायाधीशांनी तरुणांना शिक्षा सुनावताना सांगितलं की मगिंग वाढत चाललं आहे आणि अमेरिकेत तर लोक रात्री रस्त्यावर फिरायला घाबरतात असं आपण ऐकतो. हे ऐकलं कुठून? बातम्यांतूनच. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांचं हेच बोलणं बातमी म्हणून छापून येतं, आणि वाचकाला वाटतं, बघा, आता न्यायाधीशही म्हणताहेत! अधिकारी बोलतात, पत्र छापतं, 'लोकमत' तयार होतं, त्या लोकमताचा दाखला देऊन अधिकारी पुन्हा बोलतात. या वर्तुळात कोणीही खोटं बोललेलं नसतं. तरीही फेरा पूर्ण होतो आणि दर फेरीला भीती थोडी वाढते.

वर्गात काय करता येईल? सहावी ते आठवीच्या मुलांना गुन्ह्याच्या तीन बातम्या कापून आणायला सांगा. पोलिसांचं किंवा अधिकाऱ्यांचं म्हणणं निळ्या पेन्सिलने, आरोपीचं लाल, ज्याचं नुकसान झालं त्याचं हिरव्या, शेजारपाजाऱ्यांचं पिवळ्या रंगाने रंगवायचं. पानावर कुठला रंग जास्त दिसतो ते मुलं स्वतःच सांगतात, आपण बोलायची गरज नाही. मग एक काल्पनिक घटना द्या, शाळेच्या टाकीचा नळ तुटला. हीच बातमी एका गटाने फक्त मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून, दुसऱ्याने फक्त शिपाईमामांच्या आणि तिसऱ्याने फक्त नळाजवळ सापडलेल्या मुलाच्या सांगण्यावरून लिहायची. तिन्ही बातम्यांचे मथळे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. एक सावधगिरी मात्र हवी. गावातली ताजी घटना घेऊ नका. त्या घरातलं मूल आपल्याच वर्गात असू शकतं.

आंदोलनाची बातमी

हॉल यांचं काम गुन्ह्यापुरतं थांबत नाही. आंदोलनाची बातमी कशी गुन्ह्याची बातमी होते, हेही त्यांनी दाखवलं. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी लंडनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. हजारो माणसं शांतपणे चालली. त्यातला एक छोटा गट वेगळा होऊन अमेरिकेच्या वकिलातीकडे, ग्रोव्हनर चौकात गेला आणि तिथे पोलिसांशी झटापट झाली. दुसऱ्या दिवशी अनेक वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एकच छायाचित्र झळकलं : एका पोलिसाला धरलंय आणि एक आंदोलक त्याच्या तोंडावर लाथ मारतोय.

छायाचित्र खरं होतं. ती लाथ बसली होती. १९७३ च्या एका निबंधात हॉल यांनी याच छायाचित्राबद्दल लिहिलं. छायाचित्र जणू म्हणतं, 'हे घडलं, मी तिथे होतो.' त्यामुळे वाचकाला ते निवडलेलं आहे याचा विसर पडतो. दिवसभरात शेकडो फोटो निघाले असतील, त्यातला हाच का? लेस्टर विद्यापीठातल्या जेम्स हॅलोरन, फिलिप एलियट आणि ग्रॅहम मर्डॉक यांनी याच मोर्चावर वेगळा अभ्यास केला, तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं की मोर्चाच्या आधीचे काही आठवडे वर्तमानपत्रं हिंसाचार होणार असंच सांगत होती. मग त्या दिवशी प्रत्येकाची नजर हिंसाचार शोधत होती. तो थोडा झाला, तरी बातमी त्याचीच. हजारो लोक का चालत होते, युद्धाबद्दल त्यांचं म्हणणं काय होतं, ते मागे पडलं.

इथे हॉल यांची आणखी एक कल्पना उपयोगी पडते, उंबरठ्यांची. समाजात सहनशीलतेचे उंबरठे असतात असं समजा. पहिला उंबरठा शिष्टाचाराचा : लांब केस, विचित्र कपडे, मोठ्याने गाणं. दुसरा कायद्याचा. तिसरा हिंसेचा. एखाद्या गटाची बातमी देताना त्याला जितक्या पुढच्या उंबरठ्यापलीकडे दाखवावं, तितकी त्याच्यावर कडक कारवाई लोकांना योग्य वाटते. आणि पुढे ढकलण्याची सोपी युक्ती म्हणजे दोन शब्द जोडणं. विद्यार्थ्यांचं आंदोलन ही एक गोष्ट, गुंडगिरी ही दुसरी. 'विद्यार्थी गुंडगिरी' म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टींची एक झाली, आणि आंदोलनाची मागणी काय होती हा प्रश्न संपला.

हॉल यांचं पुस्तक आलं त्याच सुमारास लंडनमध्ये ग्रनविक फिल्म प्रोसेसिंग कारखान्याचा संप चालू होता. १९७६ मध्ये सुरू झालेल्या या संपाच्या पुढारी होत्या जयाबेन देसाई, आणि संपात बहुसंख्य होत्या भारतीय वंशाच्या स्त्रिया. जून १९७७ मध्ये तिथे बाटली लागून एक पोलीस जखमी झाला आणि रक्ताळलेल्या त्या पोलिसाचं छायाचित्र सर्वत्र छापलं गेलं. साडी नेसून महिनोन् महिने दारात उभ्या राहिलेल्या बायकांचं म्हणणं त्या दिवशी कोणाला ऐकू आलं असेल?

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. १८६२ च्या जुलैमध्ये लंडनमध्ये पिल्किंग्टन नावाच्या खासदाराला गळा आवळून लुटलं गेलं, आणि तेव्हाही अशीच घबराट पसरली होती. वर्तमानपत्रांत त्या लुटारूंची तुलना चक्क आपल्याकडच्या ठगांशी होत होती. 'ठग' हा शब्द इंग्रजीत गेला आणि तिथल्याच गोऱ्या चोरांना लागला. पोलिसांनी धरपकड वाढवली, म्हणून नोंदी वाढल्या, म्हणून घबराट आणखी वाढली. १८६३ मध्ये फटक्यांच्या शिक्षेचा कायदा झाला, तोवर लाट ओसरलीही होती.

मग १९७२ मध्येच का?

या प्रश्नाचं हॉल यांनी दिलेलं उत्तर मोठं आहे आणि पुस्तकाचा अर्धा भाग त्यावर आहे. इथे थोडक्यात. युद्धानंतरची ब्रिटनची भरभराट ओसरत होती. संप वाढत होते, उत्तर आयर्लंड पेटलं होतं, बेकारी डोकं वर काढत होती. सरकारला लोकांची संमती सहज मिळेनाशी झाली होती. अशा वेळी सगळ्या अस्वस्थतेला एक चेहरा मिळाला, रस्त्यावरच्या काळ्या तरुणाचा. तो आपला बागुलबुवा. त्याच्या भीतीने लोक स्वतःहून कडक कायदा मागू लागतात, आणि तो कडकपणा मग संपकऱ्यांनाही लावता येतो. पुस्तकानंतर वर्षभरात, १९७९ मध्ये, कायदा-सुव्यवस्थेची भाषा बोलत मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या, त्यामुळे हॉल यांचं म्हणणं अनेकांना भविष्यवाणीसारखं वाटलं.

टीकाही झाली, आणि ती वाचण्यासारखी आहे. पी. ए. जे. वॉडिंग्टन यांनी १९८६ मध्ये विचारलं की घबराट प्रमाणाबाहेर होती असं म्हणता, तर योग्य प्रमाण किती, हे कोणी ठरवायचं? वर्षाला १४ टक्के वाढ ही काळजी करण्यासारखी नाही का? मला हा आक्षेप वजनदार वाटतो. दुसरी टीका फिलिप श्लेसिंगर आणि हॉवर्ड टंबर यांची, १९९४ ची : पहिला अर्थ लावणारे नेहमी एकमताने बोलत नाहीत. पोलीस आणि गृहखातं यांच्यातच भांडणं असतात, आणि कधी कधी एखादी छोटी संघटनाही विषय ठरवून जाते. हेही खरं आहे. शिवाय वाचक काही मातीचा गोळा नसतो. हे तर हॉल यांनीच १९७३ च्या दुसऱ्या एका निबंधात सांगितलं होतं : बातमी ज्या अर्थाने पाठवली त्याच अर्थाने कोणी घेतो, कोणी अर्धी मान्य करतो, कोणी पूर्ण उलटी वाचतो. पण हे सगळं मान्य करूनही तुरुंगात गेलेल्याची वर्षं कोणी परत देत नाही.

चोर सोडून संन्याशाला

याचा पुरावा या पुस्तकानंतर चाळीस वर्षांनी कोर्टातूनच आला. मार्च १९७२ मध्ये, म्हणजे 'डेली मिरर'च्या त्या मथळ्याच्या पाच महिने आधी, लंडनच्या ओव्हल भुयारी रेल्वे स्टेशनवर चार काळ्या तरुणांना साध्या वेशातल्या पोलिसांनी पकडलं. ते एका काळ्या लोकांच्या राजकीय संघटनेचे कार्यकर्ते होते. आरोप चोरीच्या प्रयत्नाचा आणि पोलिसांवर हल्ल्याचा. पकडणाऱ्या रेल्वे पोलीस पथकाचा प्रमुख होता डेरेक रिजवेल. हे पथक भुयारी रेल्वेतली वाटमारी रोखायला नेमलेलं होतं. हॉल आणि सहकाऱ्यांचा एक महत्त्वाचा निष्कर्ष इथे डोळ्यांसमोर येतो : खास पथकं आधी तयार झाली होती, वर्तमानपत्रांतली घबराट नंतर आली. पथक नेमलं की त्याला माणसं पकडून दाखवावी लागतात.

नोव्हेंबर १९७२ मध्ये, घबराट ऐन भरात असताना, पोलिसांच्या साक्षीवर हे चौघे दोषी ठरले. दोन वर्षांची शिक्षा झाली, ती अपिलात आठ महिन्यांवर आली. पुढच्याच वर्षी रिजवेलने पकडलेल्या ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांचा खटला न्यायाधीशांनी फेटाळला. रिजवेलची फक्त बदली झाली. १९८० मध्ये तो स्वतः टपालाच्या थैल्यांतल्या मालाची चोरी केल्याबद्दल तुरुंगात गेला आणि १९८२ मध्ये तिथेच मेला. त्याने पूर्वी पकडलेल्या माणसांचं काय, हे तेव्हा कोणी तपासलं नाही.

त्या चौघांपैकी विन्स्टन ट्रू यांनी नंतर स्वतःच कागदपत्रं गोळा केली, पुस्तक लिहिलं. २०१८ मध्ये रिजवेलने पकडलेल्या दुसऱ्या एका माणसाची शिक्षा रद्द झाली आणि दार किलकिलं झालं. ५ डिसेंबर २०१९ रोजी अपील न्यायालयाने ट्रू आणि आणखी दोघांना निर्दोष ठरवलं. चौथ्याचा निकाल मार्च २०२० मध्ये लागला. ट्रू तेव्हा ६९ वर्षांचे होते. अटक झाली तेव्हा बावीस वर्षांचे.

त्यानंतर रिजवेलची इतर प्रकरणंही एकेक उघडली गेली. जानेवारी २०२४ मध्ये १९७७ च्या एका खटल्यातले दोघे निर्दोष ठरले. निकाल ऐकायला त्यांची मुलंबाळं आली होती. ते दोघे तोवर वारले होते.